गुणपत्रिकेत चार्ली वॉट्ससाठी एक रकाना ठेवा

ड्रम शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना, ड्रमच्या परीक्षा घेणाऱ्यांना आणि बँडच्या स्पर्धांमध्ये पुढच्या रांगेत बसून गुण देणाऱ्या सर्व परीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी लंडनमधल्या एका रुग्णालयात वारला. वय ८०. १९६३ च्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत, म्हणजे ५८ वर्षं, त्या बँडच्या ड्रममागची बैठक त्याची होती. तो गेल्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, अजूनही लिहिलं जातं. सभ्य माणूस, उत्तम शिवलेले सूट, १९६४ साली केलेलं लग्न मरेपर्यंत टिकवलेलं, बँडभोवतीच्या गदारोळापासून चार हात लांब. हे सगळं खरं आहे. मला सलतं ते वेगळंच. या लेखांमध्ये त्याचं वाजवणं दोन ओळींत आटोपलेलं असतं. 'साधं वाजवायचा', झालं. जसा माणूस मितभाषी तसे हातही मितभाषी, आणि त्यात कमावण्यासारखं काही नव्हतंच, असा त्याचा अर्थ निघतो.

हे पत्र मी त्या लेखकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे, कारण साध्या वाजवण्याचं पुढे काय होणार हे तुमच्या हातात आहे. शिकणारी मुलं तेच घासतात ज्याला वर्गात शाबासकी मिळते आणि कागदावर गुण मिळतात. आज गुण कशाला मिळतात? वेगाला, दोन्ही पायांच्या बास ड्रमला, कठीण मात्रांच्या हिशेबाला, सगळ्या टॉम्सवरून (संचातल्या इतर ड्रमवरून) धावत जाणाऱ्या लांबलचक फिलला, म्हणजे ठेक्यामधली जागा भरणाऱ्या तुकड्याला, आणि शेवटी सोलोला. या सगळ्याला मेहनत लागते, त्याबद्दल मला आदरच आहे. पण या यादीत चार्ली वॉट्स बसवून बघा. तो तुमच्या मधल्या पातळीच्या परीक्षेतही जेमतेम पास होईल. असा माणूस जगातल्या सर्वांत जास्त काळ चाललेल्या रॉक बँडपैकी एकाचा कणा होता, मग खोट कुठे आहे? मला वाटतं ती आपल्या मोजपट्टीत आहे. ती कुठे आहे हे त्याच्याच वाजवण्यातून दाखवायचा प्रयत्न करतो.

रॉकचा सर्वांत ओळखीचा ठेका घ्या. चार मात्रा. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या जोड झांजांवर, आठ ठोके मारतो, पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास ड्रम देतो, डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, मारतो. हा ठेका तुम्ही विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच देता. यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट आणि स्नेअर एकदम वाजतात, आणि बहुतेक ड्रमर ते तसेच आयुष्यभर वाजवतात. चार्ली नेमका तिथे उजवा हात उचलून घ्यायचा. स्नेअर पडायचा त्या क्षणी हाय-हॅट गप्प. आठाचे सहा ठोके उरायचे. त्याच्या नंतरच्या काळातल्या मैफलींच्या चित्रीकरणांत हे स्पष्ट दिसतं. हात वर जातो, स्नेअर पडतो, हात परत खाली येतो.

वरवर पाहता ही एक लकब आहे. पण तिचे परिणाम ऐका. स्नेअरच्या आवाजावर पत्र्याची किनार चढत नाही, त्यामुळे तो उघडा, कोरडा, एकटा ऐकू येतो. दोन गिटार, पियानो, कधी सॅक्सोफोन, वर गाणारा, एवढ्या दाटीतही तो ठोका ठसठशीत राहतो, आणि त्यासाठी त्याला जोर लावावा लागत नाही. शिवाय उजवा हात दर दोन मात्रांनी उसंत घेतो, त्यामुळे ठेक्याला किंचित झोका मिळतो. सरळ आठ ठोक्यांमध्ये जो यांत्रिकपणा येऊ शकतो तो इथे येतच नाही.

आता हे एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याला करायला सांगा. मी करून पाहिलं आहे आणि इतरांना करताना पाहिलं आहे. पहिल्यांदा ठेका पांगळा होतो. कारण तो आठ ठोक्यांचा उजवा हात म्हणजे ड्रमरच्या हातातली काठी असते, तिच्या आधारावर बाकीचे अवयव चालतात. सर्वांत महत्त्वाच्या मात्रेवरच ती काठी काढून घेतली की लय स्वतःच्या आत असावी लागते. ती नसेल तर स्नेअर लवकर पडतो किंवा लोंबकळतो. चार्लीचा पडायचा तो अगदी जरासा मागे रेलून, तरी समेचं भान न सोडता. हे शेवटपर्यंत ढळलं नाही. एवढा सराव ज्याच्या मागे आहे त्याला आपण 'साधं' म्हणतो. आणि परीक्षेत कुणी असं वाजवलं तर शेरा काय मिळेल? उजव्या हाताचे ठोके सुटतात, सातत्य नाही.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला खरं तर हे पटवून द्यावं लागू नये. विलंबित ख्यालाला अर्धा तास नुसता ठेका धरून बसणारा तबलजी काय करत असतो हे जाणकार श्रोत्याला माहीत असतं, आणि पुढच्या गायकाला तर फारच माहीत असतं. रॉकच्या ड्रमरकडे बघताना मात्र तोच श्रोता सोलोची वाट बघतो.

चार्लीकडे ही समज रॉकमधून आलेली नव्हती. जन्म २ जून १९४१, लंडन. वडील रेल्वे कंपनीत लॉरी चालवायचे. वेम्बली भागातल्या युद्धोत्तर काळातल्या तयार घरांच्या वस्तीत तो वाढला, आणि शेजारचा डेव्ह ग्रीन हा मुलगा त्याचा जन्मभराचा मित्र झाला. दोघं मिळून जॅझच्या तबकड्या ऐकायचे. पुढे डेव्ह जॅझमधला नामांकित बास-वादक झाला आणि म्हातारपणीही दोघं एकत्र वाजवत होते. पोरवयात चार्लीनं बँजो घेतला होता, पण त्याच्या दांड्यावर बोटं कुठे ठेवायची हे काही जमेना. जॅझवाला जेरी मलिगन याच्या एका ध्वनिमुद्रणात ड्रमर चिको हॅमिल्टनचे ब्रश, म्हणजे स्टिकऐवजी वापरायच्या बारीक तारांच्या जुड्या, त्यानं ऐकले होते. त्यानं बँजोचा दांडा काढून टाकला, उरलेलं कातड्याचं गोल तोंड स्टँडवर ठेवलं आणि त्यावर ब्रशनं वाजवायला लागला. पहिला खरा ड्रम संच आई-वडिलांनी १९५५ मध्ये घेऊन दिला.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच्या कानावर पहिला ठसा ब्रशचा पडला, स्टिकचा नव्हे. ब्रशचं वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या सुराखाली अंथरलेली लय. चार्लीनं स्टिकची डाव्या हातातली जुनी आडवी पकडही शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ती पकड जॅझवाल्यांचीच. हजारो माणसांच्या मैदानात तो ग्रेट्श कंपनीचा १९५७ च्या सुमाराचा चार नगांचा संच घेऊन बसायचा. एक बास, एक स्नेअर, वर एक टॉम, खाली एक टॉम आणि मोजक्या झांजा. त्याच मैदानांत इतर बँडचे ड्रमर तेव्हा संचांच्या तटबंदीआड दिसेनासे झाले होते.

कलाशाळेत शिकून तो जाहिरात क्षेत्रात चित्रकार म्हणून नोकरी करत होता. रात्री अ‍ॅलेक्सिस कॉर्नरच्या 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड' या बँडमध्ये ड्रम. तिथली आपली बैठक त्यानं सोडली आणि तिथे जिंजर बेकर आला. हे दोन्ही लंडनचे, दोन्ही जॅझवेडे. बेकर पुढे रॉकमधल्या लांब सोलोंचा महारथी झाला. चार्लीला सोलोमध्ये कधी रस वाटला नाही. मी बेकरचा चाहता आहे, हे मुद्दाम सांगतो, म्हणजे हे पत्र सोलोच्या विरोधात आहे असा समज व्हायला नको. एकाच मुशीतून दोन रस्ते निघाले आणि आपण शिकवण्यासाठी एकच निवडला, एवढंच माझं म्हणणं आहे.

१९६५ ची दोन ध्वनिमुद्रणं विद्यार्थ्यांना एकापाठोपाठ ऐकवा. 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये स्नेअर चारही मात्रांवर पडतो, मोर्चासारखा, आणि तसाच पडत राहतो. मध्ये बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रम एकटे उरतात. दुसरा कुणी असता तर त्या मोकळ्या जागेत हात साफ करून घेतला असता. चार्ली तोच ठेका पुढे चालवतो. ताण त्यानंच वाढतो, कारण काहीतरी घडणार असं वाटत राहतं आणि तो ते घडू देत नाही. त्याच वर्षीचं 'गेट ऑफ ऑफ माय क्लाउड' उलट टोकाचं. तिथे गाणं सुरूच त्याच्या ड्रमवर होतं आणि एक छोटासा फिल तो कडव्यांमधून पुन्हा पुन्हा, जसाच्या तसा वाजवतो. इतक्या वेळा की तो फिल गाण्याच्या चालीचा भाग होऊन बसतो, आणि लोक शब्दांबरोबर तोही गुणगुणतात. कमी वाजवणाऱ्याला वाजवता येत नाही ही शंका ज्याला असेल त्यानं हे ऐकावं. कुठे किती हे ठरवणं, हीच तर ती विद्या.

आता जिमी मिलरची गोष्ट. ती शिक्षकांनी तर ऐकावीच. मिलर १९६८ ते १९७३ या स्टोन्सच्या ऐन बहराच्या काळातला त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा निर्माता, आणि स्वतः ड्रमर. 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट' या गाण्याच्या ठेक्याची त्याच्या मनातली जी चाल होती ती चार्लीच्या हाताला काही लागत नव्हती. शेवटी मिलर स्वतः बसला आणि तबकडीवर आज ऐकू येतात ते ड्रम मिलरचे आहेत. जगातल्या नामवंत ड्रमरच्या बँडमध्ये निर्मात्यानं ड्रम वाजवणं, यावर एखाद्या बँडचे तुकडे झाले असते. चार्लीनं मिलरचं वाजवणं ऐकलं, शिकून घेतलं, पुढे रंगमंचावर त्याच धाटणीनं ते गाणं वाजवलं, आणि मिलरनं आपल्याला स्टुडिओत वाजवण्याबद्दल पुन्हा विचार करायला लावलं हे मुलाखतींमध्ये मोकळेपणानं सांगितलं. गाण्याला काय हवं हा प्रश्न आधी आणि खुर्चीवर कोण हा नंतर. हे आपण विद्यार्थ्यांना तोंडानं सांगतो. चार्लीनं ते करून दाखवलं.

१९६९ च्या 'हाँकी टाँक विमेन'च्या सुरुवातीला जी काउबेल (गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखं वाद्य) वाजते तीही मिलरचीच. मग ड्रम येतात आणि कान दचकतो, कारण काउबेल आणि ड्रम एकमेकांच्या मात्रेवर नीट बसत नाहीत. चार्लीनं स्वतःच सांगितलं होतं की आपल्या दोघांपैकी एकजण चुकीच्या जागी शिरला, पण कीथ (बँडचा गिटारवादक) बरोबर आला आणि त्यामुळे सगळंच बरोबर झालं. शिवाय ते गाणं जसजसं पुढे जातं तसतशी लय चढत जाते. शेवट सुरुवातीपेक्षा चांगलाच वेगवान आहे. आजच्या स्टुडिओत हे दोन्ही दोष म्हणून दहा मिनिटांत दुरुस्त झालं असतं. आणि मग ते गाणं उरलं नसतं.

त्या वाक्यातलं 'कीथ बरोबर आला' हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बँडचा बास-वादक बिल वायमन यानं या बँडच्या लयीचं गणित सांगून ठेवलं आहे. बहुतेक बँड ड्रमरच्या मागून चालतात. इथे ड्रमर रिदम गिटारच्या, म्हणजे कीथ रिचर्ड्सच्या मागून चालायचा. कीथ आधी, चार्ली क्षणाच्या अंशानं मागे, आणि बास त्या दोघांच्या आसपास, जरा पुढे. घड्याळ लावून मोजायला जाल तर कुणीच एका रेषेत नाही. पण ऐकताना ते सगळं एका देहासारखं हलतं, पडेल पडेल वाटतं आणि पडत नाही. रोलिंग स्टोन्सची गाणी इतर बँड वाजवतात तेव्हा सूर बरोबर असतात, शब्द बरोबर असतात, तरी काहीतरी बसत नाही. बसत नाही ते हेच. रंगमंचावर चार्लीला सगळ्यात आधी कीथचा आवाज ऐकू यायला हवा असायचा. ड्रमरनं बँडला चालवायचं असतं हे आपण शिकवतो. पण चालवणाऱ्यानं दुसऱ्याचा हात कानानं धरून चालायचं असतं, हे किती वर्गांत शिकवलं जातं?

इथे मी परीक्षकांकडे वळतो. बहुतेक परीक्षांमध्ये विद्यार्थी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीबरोबर वाजवतो. कानात मात्रा मोजणारी क्लिक, पलीकडे न थकणारी, न चुकणारी, न ऐकणारी वाद्यं. यातून विद्यार्थी स्थिर लयीत टिकतो का एवढं नक्की कळतं, आणि ते कळायलाही हवं. पण ती साथ त्याला कधी उत्तर देत नाही. त्यानं स्नेअर जरा मागे टाकला तर पलीकडची गिटार त्यावर रेलत नाही. गिटारवादकानं उत्साहात येऊन लय किंचित उचलली तर त्याला सांभाळून कसं घ्यायचं, कधी सोबत जायचं आणि कधी धरून ठेवायचं, याची वेळच येत नाही. चार्लीची जी मुख्य विद्या, ती या पद्धतीत तपासताच येत नाही. जे तपासता येत नाही ते शिकवलं जात नाही, आणि जे शिकवलं जात नाही ते एका पिढीत नाहीसं होतं.

स्पर्धांचं चित्र थोडं वेगळं आहे, पण तिथेही घसरण त्याच दिशेनं. 'उत्कृष्ट ड्रमर' हे बक्षीस ज्याला मिळतं तो बहुधा तोच असतो ज्याच्याकडे गाणं चालू असताना तुमचं सारखं लक्ष गेलं. मी अशा कितीतरी बँडना ऐकलं आहे ज्यांच्या ड्रमरकडे लक्ष गेलं नाही, कारण सगळा बँड फार छान वाजत होता. ते छान वाजण्यात त्याचा वाटा किती होता हे कुणी विचारलं नाही. गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळत होती. गिटारवाल्याची चूक झाली आणि ती प्रेक्षकांना कळली नाही, कारण ड्रमरनं ठेका न सोडता अर्ध्या मात्रेत ती झाकली. असा मुलगा किंवा मुलगी घरी रिकाम्या हातानं जाते आणि पुढच्या वर्षासाठी दुहेरी पेडलवर वेग वाढवायला लागते.

चार्लीच्या अंगी हे ऐकणं किती मुरलं होतं याचा पुरावा त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये सापडतो. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यानं स्वतःच्या नावानं एक मोठा जॅझ वाद्यवृंद उभा केला. तीसहून अधिक वादक. नाव त्याचं, पैसा त्याचा, आणि त्या वाद्यवृंदात ड्रमवर तो एकटाच नव्हता, त्याच्या सोबत आणखी ड्रमर होते. स्वतःच्या नावाच्या मैफलीतही त्यानं स्वतःला मध्यभागी ठेवलं नाही. पुढे पंचक, दशक, आणि अखेरच्या काळात डेव्ह ग्रीनबरोबर बूगी-वूगी वाजवणारी छोटी मंडळी, सगळीकडे हेच.

साधनाबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण महागडा संच घेतल्याशिवाय आवाज येत नाही असं विद्यार्थी समजतात. १९६८ च्या 'स्ट्रीट फायटिंग मॅन'चा जो पाया आहे तो कीथच्या घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर, साध्या गिटारवर, आणि चार्लीच्या एका १९३० च्या दशकातल्या सुटकेसमध्ये मावणाऱ्या सरावाच्या ड्रम संचावर ध्वनिमुद्रित झालेला आहे. एवढंसं खेळणं. ते गाणं आज मोठ्या आवाजात लावा आणि त्यात कुठे काही कमी वाटतं का बघा.

त्याच्या शांतपणाबद्दल लोक जे लिहितात त्याविषयी थोडंच बोलतो. शांत म्हणजे दबलेला नव्हे. १९८४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या हॉटेलात बँडचा गायक मिक जॅगर यानं मध्यरात्री फोन करून 'माझा ड्रमर कुठे आहे' असं विचारलं, तेव्हा चार्ली दाढी करून, सूट घालून खाली आला आणि त्याला ठोसा मारून म्हणाला की मी तुझा ड्रमर नाही, तू माझा गायक आहेस. ही हकिकत कीथनं सांगितलेली आणि ती इतकी वेळा छापून आली आहे की चार्लीचं नाव काढलं की तीच आठवते. मला स्वतःला तो ठोसा फारसा आवडत नाही. तो काळ त्याच्या आयुष्यातला वाईट होता, दारू आणि अमली पदार्थांनी त्याला घेरलं होतं, आणि त्यातून तो पुढे स्वतः बाहेर आला. पण त्या रागामागचं म्हणणं खरं आहे. साथ करणारा कुणाच्या मालकीचा नसतो.

त्याच्या दुसऱ्या एका सवयीकडे तुमचं लक्ष वेधतो. १९६७ पासून दौऱ्यावर असताना तो जिथे झोपला त्या प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं रेखाचित्र त्यानं काढून ठेवलं. शिक्षणानं चित्रकार होता तो. बँडच्या मोठ्या दौऱ्यांच्या रंगमंचांच्या रचनेतही त्याचा हात असायचा, आणि १९७५ मध्ये न्यू यॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर उघड्या ट्रकवरून वाजवत दौरा जाहीर करायची कल्पनाही त्याचीच, जुन्या जॅझ बँडवाल्यांच्या पद्धतीवरून सुचलेली. कागदावर कोरी जागा सोडायची सवय असलेल्या हाताला दोन ठोक्यांमधली जागा भरायची घाई होत नसावी, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग घरात बंद असताना, चौघा स्टोन्सनी आपापल्या घरांतून एका गाण्यात भाग घेतला. गाणं होतं तेच, 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट', मिलरवालं. चार्लीसमोर ड्रम नव्हतेच. वाद्यांच्या काही पेट्या होत्या आणि बाजूला सोफ्याचा हात. तो त्यांवर स्टिक चालवत हसत होता. वय तेव्हा ७८. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला प्रकृतीमुळे तो अमेरिकेच्या दौऱ्यावर जाणार नाही असं जाहीर झालं, तेव्हा त्यानं या खेपेला माझी वेळ जरा चुकली असं म्हटलं. तीन आठवड्यांत तो गेला. सप्टेंबरमध्ये सेंट लुईसला दौरा सुरू झाला तेव्हा ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन होता, चार्लीनंच पसंत केलेला.

आता मागणं.

परीक्षकांनो, प्रत्येक पातळीच्या परीक्षेत एक तुकडा असा ठेवा ज्यात विद्यार्थी खऱ्या गिटारवादकाबरोबर वाजवेल. क्लिक नको. चार मिनिटं, एकच ठेका, जास्तीत जास्त दोन फिल. गिटारवादकाला मध्ये एकदा लय किंचित उचलायला सांगा, एकदा किंचित मागे घ्यायला सांगा, आणि विद्यार्थी काय करतो ते ऐका. डोळे मिटून ऐकलंत तर अधिक बरं, कारण हातांची धावपळ बघून आपण सगळेच फसतो. स्नेअरचा आवाज पहिल्या मिनिटाला होता तसाच चौथ्या मिनिटाला आहे का, ठोका कुठे पडतो, तो तिथेच पडावा असं ठरवून पडतो का, गाणाऱ्याच्या ओळीत ड्रमर शिरतो का तिला वाट देतो, यांना गुण द्या. जे वाजवता आलं असतं आणि वाजवलं नाही, त्यालाही गुण द्या. ते कसं ओळखायचं असं विचाराल, तर शेजारी बसलेल्या गिटारवादकाला विचारा. त्याला नक्की कळलेलं असतं.

स्पर्धेच्या आयोजकांनो, उत्कृष्ट ड्रमर निवडताना त्या बँडच्या इतर वादकांचं मत घ्यायची पद्धत सुरू करून बघा. एक चिठ्ठी, एक ओळ, याच्याबरोबर वाजवताना तुम्हाला काय सोपं झालं? उत्तरं वाचून तुमचा निर्णय कदाचित बदलेल.

आणि शिक्षकांनो, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली रोलिंग स्टोन्सची तबकडी वर्गात लावा. तिच्यातल्या दोन गाण्यांवर चार्लीनं जाण्यापूर्वी, २०१९ मध्ये वाजवून ठेवलेले ड्रम आहेत. 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड'. दुसऱ्या गाण्यात बिल वायमनही खूप वर्षांनी परत येऊन बास वाजवून गेला आहे. बाकी गाण्यांवर मुख्यतः जॉर्डन आहे, तोही फार उत्तम ड्रमर, चार्लीवर मनापासून प्रेम करणारा. कुठल्या गाण्यावर कोण हे मुलांना न सांगता ऐकवा आणि ओळखायला सांगा. चुकतील, वाद घालतील, पुन्हा लावायला सांगतील. मग पुन्हा लावा, आणि या वेळी फक्त दुसरी आणि चौथी मात्रा ऐकायला सांगा.

आपला,
अनेक बँडमध्ये मागच्या बाजूला बसून वाजवणारा एक ड्रमर